दोन बाणांची गोळी

माणूस आजारी पडला की पूर्वी आडवा व्हायचा, आता ऑनलाइन होतो. वैद्यकशास्त्राची ही प्रगती नाशिक रोडच्या कुंदन मेडिकलवाल्याने फार जवळून पाहिली, कारण ती त्याच्याच मोबाइलमध्ये झाली.

गिऱ्हाइकांची सोय व्हावी म्हणून त्याने 'निरोगी परिवार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ग्रुप फक्त औषधांसाठी होता (सुप्रभात, वाढदिवस, श्रद्धांजली आणि विकाऊ फ्रीज एवढे अपवाद). सभासद संपत आलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो पाठवत. त्याआधी नाव छापलेला तुकडा फाडून टाकायची प्रथा काटेकोर पाळली जाई. काहीजण नुसती गोळी तळहातावर ठेवून फोटो काढत. त्यात गोळी अंधुक आणि आयुष्यरेषा मात्र ठळक येई. डॉक्टरांची चिठ्ठी आली की तिच्यावर खुली चर्चा होई. 'मला अर्धीच पुरली होती,' असं कुणी लिहिलं की अंगठ्यांचा पाऊस पडे आणि डॉक्टरांचा निर्णय बहुमताने फिरे. इतकी लोकशाही ग्रामसभेतही नसते.

ग्रुपचे आधारस्तंभ म्हणजे निवृत्त कारकून हिरामणनाना. त्यांचं संशोधन पहाटे पांघरुणातच चाले. एकदा त्यांनी जाहीर केलं, की बीपीची गोळी माणसाला गुलाम करते; ती सोडावी आणि उपाशीपोटी कढीपत्ता चावावा. कुंदनने तातडीने खाली लिहिलं, 'गोळी मनाने बंद करू नका.' त्यावर एकाने हात जोडले, बाकीच्यांनी कढीपत्त्याचा भाव विचारला.

थोड्याच दिवसांत कुसाबाई दुकानात आल्या, त्या काउंटर धरूनच. कुसाबाई मळ्यात शेवंती लावायच्या आणि बाजारात विकायच्या. कुंदनच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. दसऱ्याला दुकानाचं तोरण त्यांच्याच फुलांचं असे. त्याने दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं आणि आकडा बघून पट्टा सोडून पुन्हा एकदा बांधला. आकडा तोच आला.

"मावशी, गोळी?"

"सोडली ना. नानांनी टाकलंय."

"मीपण टाकलं होतं, सोडू नका म्हणून!"

"तू दुकानदार हाय बाबा. तू इकायलाच बसला. नानांना काय मिळतं त्यात?" मग त्याला वाईट वाटू नये म्हणून त्या हळूच म्हणाल्या, "आन तुझ्या मेसेजला बाण नव्हते. नानांच्याला दोन बाण हायेत. लय लोकांनी तपासून पुढं धाडलाय त्यो."

बेसुमार फिरलेल्या मेसेजवर सावधगिरीची खूण म्हणून दोन बाण उमटतात. कुसाबाई त्याला हॉलमार्क समजत होत्या. (केवळ कुसाबाईच, असं म्हणणं धाडसाचं ठरेल.)

कुंदनने त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हीच गोळी आजपासून पुन्हा चालू, नाहीतर अर्धांगवायू ठरलेला. कुसाबाईंनी मान डोलावली आणि गोळ्या कनवटीला लावून घरी जाऊन पुन्हा कढीपत्ताच चावला. दुसऱ्या दिवशी तसं त्यांनी स्वतःच कौतुकाने सांगितलं. कुंदन भयंकर घाबरला. त्याच्याकडे पदवी होती, परवाना होता, दोन्ही भिंतीवर चौकटीत होते. बाण नव्हते.

तेव्हा त्याने लाज गुंडाळून ठेवली आणि मेसेज लिहिला: 'हे तुमच्यापासून लपवलं जातंय!! डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी रोज न चुकता घेतल्यास रक्तदाब ताब्यात राहतो! हे सत्य दडपलं जाण्याआधी पुढे पाठवा!' हा मजकूर त्याने घोटीच्या मेहुणीला पाठवला. संध्याकाळपर्यंत तो नांदगावला पोचला, तिथून कुठे कुठे हुंदडला, आणि दुसऱ्या पहाटे हिरामणनानांच्या हस्ते ग्रुपवर अवतरला. दोन बाण होते. वाटेत त्याला हिमालयातले एक योगी आणि 'गोळी उत्तरेकडे तोंड करून घ्यावी' हे कलम चिकटलं होतं. मूळ मुद्दा मात्र, आश्चर्य म्हणजे, जिवंत होता.

दुकान उघडायच्या आत कुसाबाई शटरपाशी हजर. "नानांनी टाकलंय. पाणी दे. आन उत्तर कुठं रं?"

कुंदनला उत्तर दिशा माहीत नव्हती. फार्मसीला तो विषय नसतो. त्याने छातीठोकपणे खोकल्याच्या औषधांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. कुसाबाईंनी वळून गोळी गिळली आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पुढे त्यांचं बीपी उतरलं, त्याचं श्रेय योगींना गेलं. आता दुकानात रोज रांग असते. सगळे खोकल्याच्या कपाटाकडे तोंड करून गोळ्या घेतात आणि त्यामुळे, निदान, घेतात. खुद्द नानाही आले होते. त्यांना बीपी नाही. कुंदनने गोळी द्यायला साफ नकार दिला, तेव्हा ते "तरीच लपवतात!" म्हणत विजयी मुद्रेने निघून गेले.

आपण मात्र सुशिक्षित वाचक. असल्या भाकडकथांवर आपला विश्वास नाही. आपण हे वाचता वाचता सहज, केवळ माहिती म्हणून, आपल्या स्वयंपाकघरात उत्तर कुठल्या बाजूला येते तेवढं मनात ताडून पाहिलंत.