माहेरापाशी अडलेली योजना

माझ्या लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि आहेर घेऊन सगळ्यांत आधी पुढे आले ते मी शिकवत होतो त्या शाळेचे हेडमास्तर, तळाशिलकर सर. त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला, नव्या नवरीकडे पाहिलं, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "अभिनंदन. तुमचं पहिलं अपत्य आमच्या पहिलीत. जागा धरून ठेवली आहे."

मी गारच पडलो. बायकोनं मान खाली घातली ती पंगत उठेपर्यंत वर केली नाही. देवगडहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी हळूच विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "माझे साहेब." सासऱ्यांनी लेकीकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला वाटलं, आता हे वरात परत फिरवतात.

मुंबईतल्या फणसवाडीतली आमची शाळा लहान होती. वर वर्ग, खाली वर्ग आणि मधे जिन्यात हेडमास्तर. त्या काळी देशात पंचवार्षिक योजनांचं वारं होतं. ते सरांच्या अंगात शिरलं आणि बाहेर यायचं नाव घेईना. वाडीत कुठंही मांडव पडला की सर हजर. आमंत्रण असो वा नसो. लग्न झालं की पुढच्या कुठल्या जूनमध्ये पहिलीत किती पोरं, कुठल्या सालात किती बाकं, किती मास्तर, हे सगळं त्यांच्या डोक्यात तयार. "शाळा चालवणाऱ्यानं आजचं बघू नये," ते म्हणायचे. "पुढचं बघा हो, पुढचं!"

संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं. रोज सभा, मोर्चे, सत्याग्रह. सरही जायचे, घोषणा द्यायचे, घसा बसवून घ्यायचे. पण एकदा सत्याग्रही तरुणांना पोलिसांच्या गाडीत कोंबत होते, तेव्हा सर गाडीच्या जाळीला तोंड लावून विचारताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "शाबास! लग्न झालंय का तुमचं?" आतला पोरगा इतका चक्रावला की घोषणाच विसरला. मी सरांना ओढून बाजूला घेतलं. ते उलट माझ्यावरच रागावले. "मुंबई आपल्याला मिळणार, त्यात मला शंका नाही. पण मिळाल्यावर मराठी शाळेत बसवायला पोरं कुठून आणणार तुम्ही?"

तेव्हा मला हसू आलं होतं. वर्षभरात ते जिरलं. पहिलीचा वर्ग रोडावत चालला होता. शाळेच्या अध्यक्षांनी सभेत सांगून टाकलं, की येत्या जूनमध्ये पहिली भरली नाही, तर ती बंद करून खालचा मजला कापडाच्या गोदामाला द्यायचा. आम्हा मास्तरांची तोंडं उतरली. पहिली गेली की पाठोपाठ दुसरी, मग सगळीच शाळा. सर मात्र ताठ. "काळजी नको. या वर्षीची पोरं मी सात वर्षांपूर्वी मांडवात धरून ठेवली आहेत."

त्याच सुमारास माझ्या बायकोला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणून आईनं तिला बोटीनं देवगडला माहेरी पाठवायचं ठरवलं. सर आमच्याच चाळीत राहणारे. त्यांच्या कानावर गेलं आणि ते तडक आमच्या दारात. "माहेरी नको! मुंबईत इस्पितळं आहेत. इथंच होऊ दे!" ओरडलेच ते. परक्या बाईच्या बाळंतपणात पुरुषमाणसानं असं बोलावं? बायको आत पळाली. आई हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. मी तर शरमेनं अर्धा झालो.

मे महिन्यात सर आणि मी घरोघर फिरलो. मांडवात धरलेली पोरं गोळा करायला. प्रत्येक दारात एकच उत्तर: पोर गावाला. आधी आई बाळंतपणाला गेली, मग खोलीत जागा नाही म्हणून पोर आजीकडे राहिलं, मग गोळीबार आणि संचारबंदीत बापाला आणायचा धीर झाला नाही. आता आणायला जायचं तर रजा मिळत नव्हती. एवढी वर्षं रचलेली योजना कोकणात जाऊन बसली होती.

परत आलो तेव्हा सर आमच्या खोलीत मटकन बसले. आईला राहवलं नाही.

"सरानू, बाईल पयल्या बाळंतपणाक माहेराक जाता, पोर आजयेकडे ऱ्हवता. ह्या शेंबड्या पोराकसुद्धा ठाऊक आसा. तुमच्या ध्यानात कसा नाय इला?"

सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, माहेराच्या पुढचं मला कधी धरताच आलं नाही."

ते गेल्यावर आईनं सांगितलं. सरांची बायको पहिल्या बाळंतपणाला बोटीनं विजयदुर्गाकडे माहेरी गेली होती. बाळंतपणातच दोघंही गेली; ती आली नाही, मूलही आलं नाही. सर तेव्हापासून कोकणात गेले नव्हते. आम्ही या माणसाला हसत होतो!

दुसऱ्या दिवशी सरांनी वाडीतल्या बापांना गाठलं, "तुमची पोरं मी आणतो" म्हणाले आणि भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडली. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीनं ते परत आले, तेव्हा आम्ही सगळे धक्क्यावर होतो. सर उतरले आणि मागून पोरंच पोरं! कुणाच्या हातात फणस, कुणाच्या डोक्यावर गोधडी, दोघं ओकून ओकून हिरवी पडलेली. बापांना आपली पोरं ओळखू येईनात. सगळ्यांत शेवटी एक वाकलेली म्हातारी उतरली, एका मुलीचं बोट धरून. म्हातारी सरांची सासू आणि मुलगी त्यांच्या धाकट्या मेव्हण्याची. दोघी सरांकडेच राहणार होत्या.

जूनमध्ये पहिलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष येऊन पाहून गेले, गोदामाचं नाव न काढता. सर दारात हात मागे बांधून उभे होते. एवढ्यात मागच्या बाकावरून ती मुलगी ओरडली,

"आतोबा! माजी पाटी खंय?"

आत्याचा नवरा तो आतोबा. चाळीत, शाळेत, वाडीत ज्याला सगळे फक्त सर म्हणत, त्याला इतक्या वर्षांत कुणी नात्यानं हाक मारली नव्हती. सरांनी चष्मा सारखा केला. "शाळेत सर म्हणायचं," ते कडक आवाजात म्हणाले.

"बरा, सर," ती शहाण्यासारखी म्हणाली.

सर वळले. जिन्यापर्यंत गेले, थांबले आणि परत आले. तिच्या बाकापाशी वाकून, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण मला ऐकू आलंच, म्हणाले,

"मघाशी काय म्हणालीस? तेच म्हण."