सानिकाच्या दुधाबाबत वाडीचे गाऱ्हाणे

मूल कशावर वाढते, याविषयी जाणकारांत मतभेद असतात. ते पुरेसे मोठे कधी झाले, याविषयी शेजाऱ्यांत नसतात.

नागपूरला समुद्र नाही.

सानिकाला चोवीस शब्द येतात. त्यांतले सात माशांचे आहेत.

कोरफड दुपारच्या उन्हात कापली तर जास्त कडू निघते. (संशोधन: सखूकाकी. प्रयोग स्वतःच्या चार मुलांवर, एका नातवावर आणि चुकून एकदा जावयाच्या चहात.)

बोटीवरचा माणूस आठ महिन्यांनी घरी येतो आणि पायरी चढताक्षणी बाप असतो.

देवीपुढे बोललेला शब्द मागे घेण्यासाठी अर्जाचा नमुना अद्याप तयार झालेला नाही.

ही सहाही विधाने एकाच प्रकरणातली आहेत.

प्रकरण असे. पूर्णगडजवळच्या आमच्या वाडीतली योगिनी रत्नागिरीच्या एका सरकारी कार्यालयात मच्छीमार होड्यांची नोंद करते. सकाळच्या एस.टी.ने जाते, संध्याकाळी येते, पडवीत चप्पल काढते, हातपाय धुते आणि सानिकाला अंगावर घेते. सानिका चालते, पळते, कोंबड्यांना दम देते, बांगडा आणि सुरमई लांबून ओळखते, आणि तरीही अंगावर पिते. या 'तरीही'ने वाडीला बरेच महिने काम पुरवले होते. अशातच होडी-नोंदणीची नवी संगणकप्रणाली शिकण्यासाठी योगिनीला नऊ दिवस नागपूरला जाण्याचा आदेश निघाला. (होड्यांचे शिक्षण समुद्रापासून जितके दूर, तितके लक्ष विचलित होत नाही. धोरण दूरदृष्टीचे आहे.)

निघताना योगिनी सासूला म्हणाली, “आई, दूध सोडवायचं तेव्हा आम्ही दोघी मिळून सोडवू. मी इथे नसताना नको हां.”

“जा गो, गाडी चुकंल,” गंगुबाई म्हणाल्या.

योगिनीचे म्हणणे अशा रीतीने ऐकून घेण्यात आले.

एस.टी. वळणापलीकडे गेली आणि पडवीत बैठक भरली.

“नऊ दिस म्हंजे बरोब्बर,” सखूकाकी म्हणाली. “पोरगी इसरते, दूध आटते. आपोआप काम व्हते. कोनाला वायट व्हायला नको.”

“आनि नाय इसरली तर?”

“कोरफड हाय ना गो. ती आली की छातीला लावायची.”

वाडीतल्या एकतीस प्रौढांची मते घेण्यात आली. थांबवावे: सव्वीस. थांबवावेच: चार. विठूने जेवायला काय आहे असे विचारले; ते मत बाद धरले. दोन व्यक्तींचे मत घेता आले नाही. एक नागपूरच्या गाडीत होती आणि दुसरीपाशी शब्द अपुरे होते.

बोटीवरून सुजयचा, म्हणजे योगिनीच्या नवऱ्याचा, फोन आला. तो म्हणाला, तुम्ही सगळे बघा काय ते. हा सुजय मागच्या खेपेस आठ महिन्यांनी घरी आला, तेव्हा सानिका दीड दिवस पलंगाखाली बसून होती. साऱ्या वाडीने त्याला धीर दिला: होईल सवय, बाप आहेस तू. आठ महिन्यांत बाप आपोआप सुटला असेल, बरी संधी आहे, असे कोणी सुचवले नाही. बापाला कोरफड लावण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

आता, आमच्या वाडीत कोणतेही काम देवीला सांगितल्याशिवाय होत नाही. पाचव्या दिवशी सगळे देवळात जमले. गाऱ्हाणे घालायला आत्मारामदादा. तीस वर्षे तेच घालतात. आवाज खणखणीत आणि पाठांतर पक्के. घोटाळा पाठांतराने केला. या गावातली माणसे मुंबईला जातात, बोटीवर जातात. त्यामुळे दहांतली नऊ गाऱ्हाणी परगावी गेलेल्यांसाठीच असतात.

“बा देवा म्हाराजा, गे आई माऊली, आज ही तुजी लेकरं तुज्या पायाशी उभी हायत…”

“व्हय म्हाराजा!”

“या घरची सून परमुलखात गेली हाय, तिला सुखरूप घरी आन…”

“व्हय म्हाराजा!”

इथपर्यंत सर्व ठीक होते. इथून गाऱ्हाण्याने दुधाकडे वळायचे होते. पण तीस वर्षांच्या वाटेवरून ते सरळ पुढे गेले.

“जे मागं ठेवून गेली, ते जसं होतं तसं तिच्या हाती परत लागू दे! त्यात कोन वाकडं घालंल, त्येचा तू बघून घे!”

“व्हय म्हाराजा!”

सर्वांत मोठा आवाज गंगुबाईंचा होता. त्यांच्या कडेवरून सानिकाही ओरडली. तिचा हा पंचविसावा शब्द.

नारळ फुटल्यावर चूक लक्षात आली.

“आत्मारामा, मेल्या, हे काय मागितलंस?” सखूकाकी म्हणाली.

“तोंडात बसलंय ते.”

“मग परत घाल.”

“आनि देवीला काय सांगू? मगाशी आमी मस्करी केली?”

 त्यातून 'त्येचा तू बघून घे' हे कलम प्रत्येकाला स्वतःपुरते लागू वाटू लागले. गंगुबाईंनी ताटलीत कापून ठेवलेली कोरफड दुपारी गुपचूप परसात पुरली. (ती तिथे छान फुटली आहे.)

दहाव्या दिवशी सकाळी योगिनी परत आली, तेव्हा पडवीत अकरा माणसे होती. सर्वजण योगायोगाने. एकजण चाळण परत करायला आला होता, जी त्याने कधी नेलीच नव्हती.

सानिकाने आईकडे पाहिले आणि ती आजीच्या लुगड्यामागे गेली.

योगिनी पायरीवर बसली. तिने हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. मांडीवरच्या पिशवीचा बंद मात्र तिने सोडला नाही.

“बघ, इसरली,” सखूकाकी कुजबुजली.

“गप गो तू,” गंगुबाई म्हणाल्या. (संपूर्ण प्रक्रियेतला उपयुक्त ठराव हा एवढाच.) आणि लुगड्याचा पदर सानिकाच्या मुठीतून सोडवून त्या बाजूला झाल्या.

सानिका आली. तिने आधी पिशवी हुंगली, मग आईची मान. मग मांडीवर चढली आणि थांबली.

“पायजे?” योगिनीने विचारले.

“व्हय म्हाराजा,” सानिका म्हणाली.

पहिला प्रयत्न फसला. तोंड कसे धरायचे ते पोर विसरली होती. दुसऱ्या वेळी ती चावली आणि योगिनीने शासकीय पत्रव्यवहारात न येणारा शब्द उच्चारला. तिसऱ्या वेळी घोट पडवीभर ऐकू आले. त्याबरोबर अकरा माणसांना घरची कामे आठवली.

पण प्रश्न उरला. नऊ दिवस पोर जवळ नव्हती, तर दूध आटले कसे नाही? आत्मारामदादा म्हणाले, गाऱ्हाणे. सखूकाकी म्हणाली, तिथली हवा. विठू म्हणाला, संत्री. योगिनीला विचारावे असे कोणाला सुचले नाही. तशी पद्धत नाही.

वाचकाचे सहकार्य मात्र उल्लेखनीय. आपण अगदी सुरुवातीपासून सानिकाचे वय शोधत आहात. ते कळले की लगेच सांगता येईल, हे अजून गोड आहे की आता पुरे झाले. आपल्याला कोणी विचारलेले नाही, ही अडचण आपण मानत नाही, हे वाडीला मनापासून आवडले आहे. वय मुद्दाम दिलेले नाही. पडवीत बारावी जागा आहे, सरकून बसा.

नागपूरला नऊही दिवस, दिवसातून पाच वेळा, योगिनीने वसतिगृहाच्या बेसिनपाशी उभे राहून हाताने दूध काढले, नळ सोडला, आणि पुढच्या तासाला ती वेळेवर हजर होती.