कोरडं फडकं लावायचं नाही!

“अकरा वर्षं झाली गाडीला. एक ओरखडा दाखवा, नाव बदलून टाकतो!” असं तेत्सुओ उएझोनो गल्लीत भेटेल त्याला ऐकवत. कागोशिमात राहून असं बोलायला छाती लागते. खाडीपलीकडे साकुराजिमाचा ज्वालामुखी डोंगर बारा महिने धुमसत असतो, आणि लहर आली की अख्ख्या शहरावर राख चाळून टाकतो. ही राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे, बारीक कुटलेली काचच! तिच्यावर कोरडं फडकं फिरवलं की गाडीच्या रंगाचं वाटोळं झालंच म्हणून समजा.

उएझोनोंच्या निळ्या गाडीची आंघोळ म्हणजे एक सोहळा होता. आधी टपापासून खाली नुसतं पाणी, हात न लावता. मग साबणाचा फेस. मग लोकरीचा मऊ हातमोजा, तोही सरळ रेषेत, गोल गोल नाही! आणि मोजा बुडवायला दोन बादल्या, एक साबणाची, एक स्वच्छ पाण्याची.

“लेकीला, मिहोकोला, न्हाऊ घालताना एकाच बादलीत भागवलं होतं यांनी,” असं त्यांची बायको फुसाए सगळ्यांना सांगे.

त्या रविवारी सोहळ्याला कारणही तसंच होतं. मिहोकोचं युताका तोनामीशी जमलं होतं, आणि युताकाचे आईवडील तिकडे लांब तोयामाहून पहिल्यांदाच भेटायला येत होते. होकार काय तो भेटीनंतर. युताका परस्पर घरी येणार होता, आईवडिलांना स्टेशनवरून आणायचं काम उएझोनोंचं.

“बाबा, आज एकच करा,” मिहोको म्हणाली. “गाडीवरून कुणावर ओरडू नका.”

“मी कधी ओरडतो?”

“युताका बॉनेटला टेकला तेव्हा?”

“तो ओरडा नव्हता. सूचना होती.”

“ती सूचना ऐकायला समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली होती!” फुसाए स्वयंपाकघरातून म्हणाली. “बिचारा पोरगा अजून तुम्हाला सर म्हणतो. घरी सांगितलं असेलच त्याने.”

उएझोनोंनी विषय बदलण्यासाठी टीव्ही लावला. हवामानाच्या बातम्यांत डोंगरावरच्या वाऱ्याची दिशा सांगत होते. वारा पूर्वेला! म्हणजे आजची राख पलीकडच्या तारुमिझूवाल्यांच्या डोक्यावर. उएझोनो खुशीत बादल्या घेऊन बाहेर पडले आणि साडेनऊपर्यंत गाडी अशी लखलखली की त्यांनी तिच्यात बघून भांग पाडला.

“कशाला एवढं घासताय?” शेजारचे साकोदासान कुंपणावरून म्हणाले. “डोंगर टीव्ही बघतो होय?”

ते तोंड मिटतायत तोवर खिडक्यांची तावदानं थरथरली. डोंगराच्या डोक्यावर काळा ढग उभा राहिला, क्षणभर पूर्वेकडे झुकला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, सरळ गल्लीकडे वळला. ओली गाडी आणि वरून राख! दहा मिनिटांत गाडीला गिलावा झाला.

उएझोनोंनी धावत जाऊन नळ सोडला. पण गल्लीतल्या प्रत्येकाने त्याच क्षणी नळ सोडला होता! पाइपातून करंगळीएवढी धार आली आणि तीही दमली.

“साकोदासान, तुमचा नळ बंद करा! मला स्टेशनवर जायचंय!”

“तुम्हीच करा! बायकोची नवी गाडी आहे माझ्या!”

घड्याळ तर थांबेना. शेवटी त्यांनी उरलेलं बादलीभर पाणी समोरच्या काचेवर ओतलं, रस्ता दिसण्यापुरतं, आणि मिहोकोला बसवून तशाच राखट गाडीने स्टेशन गाठलं. रेल्वे वीस मिनिटं उशिरा आली. बाहेर राख पडतच होती.

तोनामीसान उंच आणि अबोल, तोनामीबाई बुटक्या आणि हसऱ्या. बाईंच्या हातात तोयामाच्या माशाच्या सुशीचा गोल डबा होता. वाकून नमस्कार झाले, प्रवासाची चौकशी झाली. चौघं छत्र्या उघडून पार्किंगमध्ये आले. उएझोनो पुढे होऊन गाडीपाशी थांबले.

“अगबाई, केवढी धूळ ही!” तोनामीबाई म्हणाल्या. त्या बर्फाच्या मुलखातल्या. तिकडे दुसऱ्याच्या गाडीवरचा बर्फ झाडून देणं हा साधा शेजारधर्म. त्यांनी पिशवीतून रुमाल काढला आणि दाराकडे हात नेला.

“हात लावू नका!!!”

स्टेशनवरची कबुतरं उडाली. तोनामीबाईंच्या हातून रुमाल पडला, सुशीचा डबा पडता पडता नवऱ्याने झेलला. मिहोकोने डोळे मिटून घेतले.

“म्हणजे युताका सांगत होता ते खरंच होतं,” तोनामीसान सावकाश म्हणाले. “आमचे हात लागलेले तुम्हाला चालणार नसतील, तर आम्ही… परतीची गाडी दीडला आहे ना?”

“नाही हो, तसं नाही! ही राख…” उएझोनोंनी मिहोकोकडे पाहिलं. ती नुसती छत्रीच्या दांड्याला धरून उभी होती, लहानपणी खेळणं मोडल्यावर उभी राहायची तशी. अकरा वर्षांची गाडी एकीकडे, आणि सत्तावीस वर्षांची ही पोर दुसरीकडे!

त्यांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढला.

“गाडीचं काय एवढं कौतुक!” ते उसनं हसले. “पत्रा तो पत्रा! हे बघा!”

आणि त्यांनी बॉनेटवर रुमाल फिरवला. कोरडा! आणि गोल गोल! करकर आवाज आला, तसे त्यांचे दात आंबले, पण हात थांबला नाही. राखेखालून चकचकीत रंग वर आला.

लाल.

उएझोनोंनी पुन्हा पुसून पाहिलं. आणखी लाल! राखेत सगळ्याच गाड्या करड्या दिसतात, हे जन्मभर कागोशिमात काढून ते आज विसरले होते.

“अहो!” मागून एक धिप्पाड बाई छत्री रोखून आल्या. “माझी गाडी! कोरड्या रुमालाने? जरा तरी लाज! कुणी पुसली ही?”

उएझोनोंनी रुमाल पाठीमागे दडवला. तोनामीबाईच पुढे झाल्या आणि कमरेत वाकल्या.

“माफ करा हं,” त्या म्हणाल्या. “आमच्या व्याह्यांनी पुसली.”

“मनाने फार चांगले आहेत हो आमचे व्याही,” तोनामीसाननी जोड दिली.

मिहोको छत्रीआड खुदकन हसली आणि मग तिथेच डोळे पुसायला लागली. उएझोनोंना आनंदाने रडावं की लाजेने, हे कळेना. त्यांनी त्या बाईंना रंगाचा सगळा खर्च कबूल केला, पत्ता लिहून दिला आणि सात वेळा वाकून माफी मागितली.

सातव्यांदा वाकून वर बघतात तो काय! दोन गाड्या सोडून त्यांची स्वतःची गाडी उभी होती. तिच्या एका बाजूला तोनामीसान, दुसऱ्या बाजूला तोनामीबाई, आणि दोघांच्या हातात रुमाल! बर्फावर तयार झालेले हात झपाझप चालत होते. गोल गोल.

“आता आपलीच म्हटल्यावर संकोच कसला!” तोनामीबाई म्हणाल्या.

उएझोनोंनी तोंड उघडलं.

“बाबा?” मिहोको म्हणाली.

“मी कुठे काय म्हणतोय?” उएझोनोंनी हात पाठीमागे बांधले. “छान. अगदी छान. ते… टपावर थोडी राहिलीय बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साकोदासान कुंपणावर हनुवटी टेकून निळ्या गाडीवरचे ओरखडे मोजत होते. चाळीसनंतर त्यांनी नाद सोडला.

“काय हो, नाव बदलणार होतात ना? काय हाक मारायची आजपासून?”

उएझोनो दुसरी बादली भरत होते.

“व्याही म्हणा,” ते म्हणाले.