दोरा घातलेली बशी

मधू, नलू, तिकडे नैरोबीला बाबांच्या मुतखड्यासाठी रक्त काढलं आणि तुम्ही दोघं रडलात, असं तुमच्या आईनं कळवलं. म्हणून आज माझ्या दादामामांविषयी लिहिते.

मी शाळेसाठी गिरगावात त्यांच्याकडे राहत असे. मामा डॉक्टर. मुतखड्याचं माणूस दिसलं की त्यांचे डोळे चमकत. शेजारचा कारकून असो की लालबागच्या गिरणीतला जॉबर, ते त्याच्या हाताची शीर टोचून वाटीभर रक्त घेत. ते निवळलं की वरचं पिवळं पाणी बशीत ओतत, थोडं आम्ल घालत आणि त्यात सुती दोरा सोडत. खडा ज्या ऑक्झलेटचा बनतो, त्याचे स्फटिक दोऱ्यावर जमतील ही आशा. "लघवी उशिरा सांगते, रक्त आधी बोलतं!" हे त्यांचं पालुपद. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून बघत. रक्त काही बोलत नसे. रोगी खूश होऊन घरी जाई आणि मामा खट्टू होऊन जेवायला बसत.

मग मामीलाच खडा झाला. कळांनी ती गडबडा लोळली. तो पडला, पण पुन्हा होणार का, हा घोर मामांना लागला. तिचं रक्त मात्र त्यांनी एका डॉक्टर मित्राकडून काढवलं. "घरच्यांवर हत्यार चालवू नये, आमच्या धंद्याचा नियम आहे," म्हणाले. बशी कोनाड्यात जपून ठेवली.

आजीला कमी दिसे. तिन्हीसांजेला तिनं पिवळं तेल आणि वात समजून दोऱ्याला काडी लावली. चुर्र झालं.

"मेला तेली! तेलात पाणी घालतो!"

"आई, ते हिचं रक्त आहे!"

"मग दिव्याच्या जागी कशाला ठेवलंस रे?" म्हणत आजी आंघोळीला गेली.

मामीनं हात पुढे केला. "घ्या पुन्हा. तुमचा मित्र गेलाय पुण्याला. आता तुम्हीच."

मामांनी हत्यार उचललं, ठेवलं, पुसलं, पुन्हा उचललं.

"अहो, टोचायचंय मला, आणि घाम तुम्हाला?"

"तुला पुन्हा तशी कळ आली तर, अगं..."

मामीनं दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. "मी बसलेय ना तुमच्याजवळ. टोचा."

दोऱ्यावर काही दिसलं नाही. "काही नाही! काहीच नाही!" मामा चाळभर सांगत सुटले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढे मामीला आणखी एक खडा झालाच, पण तोही पडला.

त्यानंतर मामांनी दवाखान्यात रोग्याशेजारी एक खुर्ची मांडली, सोबतीच्या माणसासाठी. आता तो दवाखाना त्यांचा नातू चालवतो. खुर्ची अजून तिथेच आहे.