हात न लावण्याची हमी

चाळीस वर्षं ग्रंथालयात जीर्ण पानं हाताळली, एकाचाही कोपरा दुमडला नाही, तेव्हा तुझ्या प्रयोगशाळेत माझ्या हातून काय मोडणार? असं लेकीला छातीठोकपणे सांगून निवृत्त ग्रंथपाल तिच्यामागोमाग आत शिरले.

लेकीची दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. पीएचडीनंतरच्या संशोधनाची जागा एकच, उमेदवार साठ. तिची सारी भिस्त एका स्फटिकावर. पेशीतल्या एका प्रथिनाचा हा स्फटिक तिने आठ महिने तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. पुढच्या आठवड्यात त्यावर क्ष-किरण टाकून प्रथिनाची घडण पाहायची होती. उद्या नुसता फोटो दाखवायचा होता.

सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवून ती फोन घ्यायला बाहेर गेली. ग्रंथपाल पाहत राहिले. अंगठीतल्या खड्यासारखा देखणा! पण कडेला कापसाचा एक तंतू चिकटला होता. पुस्तकावरची धूळ ज्याला घास गिळू देत नाही, त्या माणसाने काय करावं? शेजारी बारीक सुई होतीच.

कट्.

लेक परतली तेव्हा ते खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्यांनी सगळं कबूल केलं. ती पांढरीफटक पडली. मग हळूच म्हणाली,

"बाबा, आवाज आला?"

"आला. काच तडकावी तसा."

तिने सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. प्रथिनाचा स्फटिक ओल्या साबणासारखा मऊ, सुई लागली की निमूट चुरगळतो, असं तिने सांगितलं. कट्कन तुटतं ते मीठ; द्रावणातल्या मिठाचेही असेच देखणे स्फटिक होतात, आणि आठ महिने जपलेला हा त्यातलाच. इतक्या लाडक्या वस्तूला सुई टोचून पाहायची तिचीच छाती झाली नव्हती.

"म्हणजे मी काही मोडलं नाही?"

"मोडलंत ना. माझं उद्याचं भाषण."

मुलाखतीत तिने फोटो दाखवलाच, पण खाली 'मीठ' असं लिहून. ते कसं कळलं, तेही सांगितलं. मुलाखत घेणाऱ्या प्रमुख बाईंनी तो फोटो पुन्हा मागून घेतला.

आठवड्याने पत्र आलं. जागा मिळाली होती. खाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: आमच्याकडेही सहा स्फटिक आहेत, सुई लावायचा धीर कुणाला होत नाही. वडिलांना सोबत आणता येईल का?

ग्रंथपालांनी ती ओळ दोनदा वाचली आणि हात पुन्हा मांड्यांखाली घातले.