मी नाही सांगत, गिलास सांगते

आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात कोणाला डिक्कीवाली गाडी घ्यायची असली, की तो आधी शोरूममध्ये जात नाही. आधी फुलचंद काकांच्या भांड्याच्या दुकानात येतो. काका गल्ल्यावरून उठतात, रॅकवरचा एक स्टीलचा गिलास काढतात, काठोकाठ पाणी भरतात अन् गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसतात. गिलास तळहातावर, डोळे बंद. मग म्हणतात, "चाल."

परत आल्यावर काका गिलासात पाहतात. पँट किती ओली झाली तेही पाहतात. गाडीवाला घाबरत विचारतो, "कशी वाटली काका?"

"मी नाई सांगत बापू. गिलास सांगते."

काकांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा ते हातात धरून, बाजूनं चालत नेतात. पण देशी बरी की विदेशी, यावर सुरू झाले की गिऱ्हाईक कढई हातात घेऊन उभंच राहतं. "देशी म्हणजे आपल्याच खड्ड्यात लहानाची मोठी झालेली पोट्टी. ठेस लागली तं रडत नाई. पार्ट गोंदियातच भेटते. विदेशी म्हणजे मोठ्या घरची सून. गोड बोलते, आवाज नाई करत. पण रुसली तं तिच्या माहेरून माणूस बलवा लागते."

उंच गाड्यांना ते हातही लावत नाहीत. "हत्तीवर बसणं झालं ते." डिक्कीत धानाचं पोतं टाकून पाहतात. बॉनेटवर बोटाच्या गाठीनं टकटक करतात अन् मान वाकडी करून ऐकतात, बाया हंडा घेताना ऐकतात तसं. एकानं एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं, गाडी जर्मन आहे. काका रॅकवरच्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यांकडं बोट दाखवून म्हणाले, "जर्मनचे गंज मी किलोवर विकतो."

मी काकांची नक्कल करतो. भर बाजारात, त्यांच्याच दुकानासमोर. ते पाहतात अन् म्हणतात, "आवाज बरोबर हाये बे. पण गिलास तिरपा धरतेस."

एक गोष्ट मात्र मी नकलेत घेत नाही. हॉर्नची.

गाडी कोणाचीही असो, काका ती बोदलकसा तलावाच्या रस्त्यावरच नेतात. तलावाच्या अलीकडे एक गाव लागतं. गावात हातपंप, हातपंपासमोर निळ्या दरवाजाचं घर. तिथं काका डोळे उघडतात, काच वर आहे ना ते पाहतात अन् म्हणतात, "हॉर्न पाय कसा हाये."

ते घर ममताताईचं. काकांची एकुलती एक पोरगी. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा काका दुकानात उभं राहून, सगळ्या गुंड्या-हंड्यांच्या साक्षीनं ओरडले होते, "त्या घरचं पाणी नाई पिणार मी." अर्ध्या बाजारानं ऐकलं. गाड्या तपासायचं वेड त्याच्यानंतरचं. हे सगळ्या गोरेगावाला माहीत आहे अन् कोणीच बोलत नाही. फक्त तिथं गाडी हळू करायची, एकदा हॉर्न द्यायचा अन् पुढं निघायचं. थांबायचं नाही. एवढा नियम सगळे पाळतात.

माझा चुलतभाऊ तिलकभाऊ, राईस मिलवाला, त्याच्यासमोर दोन गाड्या होत्या. एक देशी, पांढरी, नवीकोरी. दुसरी विदेशी, काळी, नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं वापरलेली. भाव दोघींचा सारखा. संध्याकाळपर्यंत एकीला हो म्हणायचं होतं.

सकाळी देशी झाली. गिलासातलं दोन बोटं पाणी काकांच्या मांडीवर. हॉर्न दिला, निघालो.

दुपारी विदेशी. तिलकभाऊ चालवत होता, मी बाजूला. आतमध्ये अशी शांतता की काकांचा श्वास ऐकू येत होता. अर्धा रस्ता झाला तरी एक थेंब सांडला नव्हता. तिलकभाऊ मला डोळ्यानं खुणावून राहिला, की हीच घेतो. तेवढ्यात डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. मग दुसरा.

"भाऊ, हे काय होय?"

"गप बस. काका ऐकून राहिले."

गाव आलं. हातपंप आला. काकांनी डोळे उघडले, काच पाहिली. "हॉर्न पाय."

तिलकभाऊनं हॉर्न दाबला. तो बसला तो उठेचना. अन् त्याच क्षणी गाडी बंद पडली. बरोबर निळ्या दरवाजासमोर. हॉर्न चालूच.

"चाल," काका म्हणाले.

"चालू नाई होऊन राहिली काका."

"तं ढकला ना बे."

"आटोमेटिक हाये. ढकलता नाई येत."

"काऊन नाई येत? देशी असती तं आतापर्यंत तलावापाशी नेली असती." काका सीटवर खाली सरकले. पाणी सगळं पँटवर. हॉर्न असा, की म्हशी उठून उभ्या राहिल्या. पोट्टे जमले. मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, दिसली ती वायर ओढली. दुसरी ओढली. तिसरीला हॉर्न थांबला.

मग जी शांतता झाली, ती हॉर्नपेक्षा वाईट होती.

मी बॉनेट खाली केलं, तर निळा दरवाजा उघडा. ममताताई बाहेर आलेली. हाताला कणीक. काका सरळ समोर पाहून राहिले, जसं समोर मोठा रस्ता आहे अन् गाडी जोरात चालली आहे.

ताई बॉनेटजवळ आली. बोटाच्या गाठीनं टकटक केलं, मान वाकडी करून ऐकलं. हुबेहूब. मला जन्मात जमली नाही अशी नक्कल.

"पत्रा चांगला हाये," ती काचेशी वाकून म्हणाली. "पण सकाळच्या पांढरीचा हॉर्न बरा होता, बाबूजी. दिवाळीच्या आधी एक लाल आली होती, तिचा तं लयच बेकार."

काकांनी काच वर आहे ना ते पुन्हा पाहिलं. गिलास मात्र तसाच तळहातावर, रिकामा.

ताईनं तो पाहिला. आत गेली अन् पाण्याची गुंडी घेऊन आली. काच खाली होत नव्हती, गाडी मेलेली. दरवाजा काकांनाच उघडावा लागणार होता. तिलकभाऊ स्टेअरिंगला चिकटून बसला. कोणी हललं नाही.

दरवाजा वीतभर उघडला. हात बाहेर आला. "परीक्षा अर्धी राहिली," काका म्हणाले. "गाडीसाठी पायजे. काठोकाठ भर."

तिनं काठोकाठ भरलं.

मी पहिल्या दोन वायरी परत खोचल्या अन् थोड्या वेळानं गाडी जशी रुसली तशीच आपोआप सुरू झाली. परतीच्या रस्त्यावर मी आरशातून मागं पाहत होतो. काकांनी डोळे मिटले नव्हते. खड्डा दिसला की ते गिलास तोंडाला लावत, एक घोट कमी करत. सांडू नये म्हणून. गोरेगाव येईपर्यंत गिलास रिकामा अन् नवा थेंब पँटवर एकही नाही.

दुकानासमोर तिलकभाऊनं विचारलं, "मग काका? गिलास काय म्हणते?"

काकांनी गिलासात बराच वेळ पाहिलं. "देशीच घे. विदेशी बसाले चांगली, पण भरोसा नाई. देशीत एकच खोट हाये."

"कोणती?"

काका गिलास पुसायला लागले. तिलकभाऊ व्यापाऱ्याला फोन करायला बाजूला गेला, तसं त्यांनी मला दुकानाच्या आत बोलावलं, हंड्यांच्या मागं. इकडंतिकडं पाहिलं.

"बापू," हळूच म्हणाले, "तुले वायरीतलं समजते. ते देशी बंद पाडाची असन, तं कोणती वायर काढा लागते?"