एका भोकात सहा गोळ्या

मुलांनो, डोळे मिटा आणि एक कागद समोर आणा. त्यावर काळं वर्तुळ, वर्तुळात वाटाण्याएवढं एकच भोक. सांगा, त्यातून किती गोळ्या गेल्या? एक? चूक! सहा! आणि सहाही मी मारलेल्या!

मी व्हर्जिल नॉर्डक्विस्ट. मोंटानातल्या आमच्या ब्रायर क्रीकमध्ये चाळीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झालो आणि गॅरेजात रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरू लागलो. विकतची काडतुसं म्हणजे खानावळीतलं जेवण. खरी चव घरच्या हाताला! बंदुकीची दारू कणाकणानं तोलायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक डबीवर नंबर टाकायचा. बावीस डब्या झाल्या, तरी कागदावर गोळ्या कोंबड्यांपुढे फेकलेल्या मक्यासारख्या विखुरलेल्या! घरामागच्या फळीवर लावलेल्या कागदावर तेविसाव्या डबीनं मात्र चमत्कार केला.

"आजोबा, बाकीच्या पाच कुठे गेल्या?" नऊ वर्षांच्या माझ्या नातीनं, जूनीनं विचारलं.

"त्याच भोकातून!"

"मग भोक मोठं कसं नाही झालं?"

"याला म्हणतात नेम!"

"पण आजोबा, शेजारच्या फळीवरच्या जुन्या कागदावर..."

"तो हवा असेल तर घे चित्रं काढायला!" मी म्हणालो आणि थेट नेमबाजीच्या क्लबात गेलो.

तिथे थेल्मा हॉगन होती. पोस्टात काम करायची, आणि सलग सात वर्षं जिल्ह्याचा कप तिच्याच फडताळात. मी टेबलावर मूठ आपटली. "यंदा हरलो तर वर्षभर तुझी रिकामी काडतुसं घासून देईन!"

"लख्ख घासशील ना? मला डाग चालत नाहीत हं," थेल्मा म्हणाली.

स्पर्धेला तीन आठवडे होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नियम. आता तर काहीच बदलायचं नव्हतं! चमत्काराच्या दिवशीचे मोजे पायातून काढले नाहीत. त्या दिवशी कांदा-कलेजीचं सँडविच खाल्लं होतं, म्हणून रोज तेच. तिसऱ्या दिवशी कुत्रा अंगणात राहायला गेला. पाचव्या दिवशी माझी बायको ओपल बहिणीकडे निघाली.

"अरे, पुन्हा एकदा मारून तरी बघ!" तिनं दारातून, नाक धरून सांगितलं.

"सुटलेलं गणित कुणी पुन्हा सोडवतं का?"

स्पर्धेच्या दिवशी थेल्मा माझ्या शेजारच्याच जागी होती. तिनं हवा हुंगली. "व्हर्जिल, इथे काहीतरी मेलंय का?"

"तुझा कप!" मी म्हणालो.

पहिली गोळी मारली, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, दुर्बिणीतून पाहिलं. काळ्याच्या मधोमध! मग रिव्हॉल्व्हर उचललं आणि उरलेल्या पाच एका दमात मारल्या. नेम धरताना नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेमाच्या बारीक खुंटीवर ठेवायची. समोरचा कागद धूसर दिसला तरी चालतो. गोळीबार थांबला, कागद आणले. माझ्या कागदावर एकच भोक! मी दोन्ही हात वर केले.

"एक गोळी," पंच लाइल म्हणाला. तो माझाच जुना विद्यार्थी.

"सहा, गाढवा! एकातून एक!"

"मास्तर, उत्तर ताळून बघायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?" त्यानं थेल्माचा कागद उचलला. त्यावर अकरा भोकं! सहा इकडे-तिकडे, आणि पाच अगदी मधोमध, एकमेकांना चिकटून, एका नाण्याखाली झाकतील अशी.

दुर्बिणीवरून डोळा काढल्यावर मी शेजारच्या कागदावर नेम धरला होता!

क्लबाच्या नियमाप्रमाणे कागदावरची उत्तम सहा भोकं धरतात, मारणारा कुणीही असो. माझी पाच आणि तिचं एक. आठव्यांदा कप थेल्माला!

"काडतुसं मात्र झकास भरतोस हं," ती म्हणाली. "भरतोस तशीच घासही."

तेवढ्यात माझ्यामागे स्टुलावर बसलेल्या जूनीनं दप्तरातून घडी केलेला कागद काढला. तीन आठवड्यांपूर्वीचा, शेजारच्या फळीवरचा. चिकटलेल्या पाच भोकांभोवती तिनं पाच पाकळ्या रंगवल्या होत्या.

"मी सांगत होते, आजोबा."

मी थेल्माच्या काजळलेल्या काडतुसांची बादली ओढली आणि ब्रश उचलला. आणि जूनीनं काय केलं? तिनं आपलं स्टूल माझ्यापासून उचललं, थेल्माच्या शेजारी नेऊन ठेवलं आणि विचारलं, "आजी, मला नेम धरायला तुम्ही शिकवाल?"